दामूशेटच्या रेड्याचे कान

८ जानेवारी

राहीआत्याकडचा जुन्या पेपरांचा गठ्ठा मला खरा कितीला पडला, ते आठवतंय तोवर लिहून ठेवतो.

रोख दोनशे. टेम्पोचं एक टायर, खारबावच्या फाटकाजवळ बसलेलं. पंक्चरवाला दुकानात नव्हता, हळदीला गेला होता. त्याच हळदीला मीही जाणार होतो, बायकोच्या, कमळच्या भाचीच्या. पोहोचलो तेव्हा डीजेवाला वायरी गुंडाळत होता आणि मटणाच्या टोपात फक्त पळी उरली होती. म्हणजे एक जेवण गेलं. वर कमळने दोन दिवस अबोला धरला, पण तो मी खर्चात धरत नाही, जमेत धरतो.

ही डायरी एका सूतवाल्याने दिवाळीत फुकट दिली. दर पानाखाली एक सुविचार छापलाय. पहिले सात पाळून बघितले, काही फरक नाही. म्हणून आठव्या दिवसापासून लिहायला घेतली.

नातवंडांनी कधी वाचलीच तर कळावं म्हणून: मी केसरीनाथ भोईर, मूळचा खारबावचा. पोरवयात भिवंडीत कापडाच्या लूमवर लागलो, आज कोन गावच्या रस्त्याला स्वतःचं रद्दीचं गोदाम, दोन टेम्पो, एक कटिंग मशीन. शाळेत फार शिकलो नाही, ऐकून शिकलो. लूमच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं त्याच्या ओठांवरून ओढून घ्यावं लागतं. दहा वर्षं तेच केलं. त्यामुळे हॉटेलात चौथ्या टेबलावर कोण कोणाला टोपी घालतोय ते मला भजी यायच्या आधी कळतं. माझ्या कानांतून काही सुटत नाही.

तर राहीआत्या. खारबावची, माझ्या बापाच्या मामेघराकडची, पंच्याऐंशी पार. घराचे पत्रे बदलतायत, पुतणे म्हणतात जुनं सगळं फेक. तिने मलाच बोलावून घेतलं. म्हणाली, "केशा, तुजा कागदाचा गोदाम हाय ना? ह्ये बापाचं कागद तितं ऱ्हातील."

मी म्हटलं, "ठेवतो की आत्या."

"फुकट देनार न्हाय. फुकट दिला त तू टाकून देशील. पैसं दे."

दिले. मग चहा करता करता बापाचं सांगायला लागली. बाप मोरू म्हात्रे, मुंबईला छापखान्यात होता. "गोऱ्या मानसांना धोतरं नेसवी. खेचराला शिंगं लावी. लय हुशार."

मी हो हो म्हटलं. या वयात माणूस कशाला काय लावेल सांगता येत नाही.

११ जानेवारी

गोदामात बॉम्ब फुटला. चांगल्या अर्थाने.

जमीरभाई, आमचा कटिंग मशीनवाला, दुपारी हाक मारतो, "सेठ, ये देखो, भैंसा बात कर रहा है." बघतो तर राहीआत्याचा गठ्ठा मशीनशेजारी. 'डंका' नावाच्या वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी, शंभर वर्षांच्या आसपासची, बऱ्या गुळगुळीत कागदाची. प्रत्येक अंकात एका पानावर चार-पाच चौकटी, आणि चौकटींत एक जाडा शेटजी आणि त्याचा रेडा. तोंडातून फुगे, फुग्यांत बोलणं. वर मथळा: 'दामूशेट आणि रेडा'.

मी उभ्या उभ्या सहा अंक वाचले. जमीरभाईला हिंदीत करून सांगितले. तोही हसायला लागला, मशीन बंद पडली, बाकीची माणसं जमली. एक टेम्पो भरायचा राहिला.

चित्रं काढणारा साधा माणूस नव्हे. बारकाव्यात बाप. दामूशेट धोतर नेसतो, पण खाली चामड्याचे बूट, म्हणजे थेट मुंबईचा नवश्रीमंत. घरावर विटांची उंच चिमणी, म्हणजे गिरणी जवळ असणार. आणि छपरांवर, रस्त्यावर, झाडांवर सगळीकडे पांढरा कापूस पडलेला. हे लूमच्या गावात राहिलेल्यालाच सुचणार. आमच्याकडे शेडच्या छपरावर असाच कापूस बसतो. रेड्याचे कान तेवढे जरा लांब आहेत, उभे, खांद्यापर्यंत. पण कलाकाराला कान मोठे करायची मुभा असते.

कोपऱ्यात कुठे कलाकाराचं नाव नाही. पण गठ्ठा कोणाचा? राहीआत्याच्या बापाचा. बाप कुठे? छापखान्यात. झालं की.

माझ्या पोराने, मितेशने फोनवर शोधाशोध केली. 'डंका' कुठेही नाही, दामूशेट नाही, रेडा नाही. म्हणजे जगात हा एकच संच, तोही संपूर्ण, आणि तो कोनच्या रस्त्याला माझ्या गोदामात.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन राहीआत्याकडे गेलो आणि तिला बातमी दिली. माझ्या मते ती नाचायला हवी होती. ती म्हणाली, "नीट ठेवलंस ना?"

म्हटलं, आत्या, तुझ्या बापाचं मोठं नाव करतो.

तेव्हा ती मनातलं बोलली. आमच्या गावकीने, म्हणजे गावातल्या सगळ्या घरांच्या मिळून चालणाऱ्या सभेने, गावदेवीच्या देवळामागे वाचनाची खोली बांधलीय. खुर्च्या आल्यात, पेपर सुरू व्हायचेत, नाव ठरायचंय. आत्याला वाटतं तिथे बापाचं नाव लागावं. तिने दोनदा कोणाकोणाला सांगून बघितलं. कोणी म्हणालं, मोरूबाबा छापखान्यात शाई पुसायचे, वाचनाशी काय संबंध?

"घर नवा व्हईल," ती म्हणाली. "मना पोर न्हाय, बाल न्हाय. मी मरून जेल्यावर मोरू म्हात्रे व्हता ह्या कोन सांगल?"

मी तिथल्या तिथे शब्द दिला. देताना आत्याचा विचार होता हे खरं. बोर्डाच्या खाली बारीक अक्षरात 'शोधक : केसरीनाथ भोईर' असंही डोळ्यांसमोर आलं, हेही खरं. दोन्ही विचार एका टेम्पोत बसतात.

१९ जानेवारी

गावकीची सभा. देवळाच्या मंडपात. मी संचातली पाच पानं प्लास्टिकच्या कव्हरात घालून नेली आणि मितेशकडून बॅनर छापून घेतला: 'मराठीतील पहिली वृत्तपत्री चित्रमालिका! कलाकार : कै. मोरू म्हात्रे, खारबाव. जगातील एकमेव संपूर्ण संच'. मितेश म्हणाला, "पप्पा, पहिली कशावरून?" मी म्हटलं, दुसरी कोणी दाखवली का?

समोर प्रितेश. बांधकामाचा ठेकेदार, खोलीला सिमेंट त्याने दिलं, त्याच्या वडिलांचं नाव लागावं असं त्याचं म्हणणं. त्यात वावगं काही नाही. बाप भला माणूस होता, खोलीही पक्की झालीय. पण सभेआधी चहाच्या टपरीवर तो कोपऱ्यात काय बोलला ते मी रस्त्यापलीकडून टिपलं: "रद्दीवाला आता गावाला साहित्य शिकवणार."

मग मी सभेत जरा जास्तच शिकवलं. म्हटलं, साहेबाला सुचायच्या आधी हे आमच्या खारबावच्या माणसाला सुचलं. टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्याने विचारलं, साहेबाला कधी सुचलं होतं? मी म्हटलं, नंतर.

निकाल माघी गणपतीच्या दिवशी.

२५ जानेवारी

मृणाली आली. ठाण्याला कॉलेजात शिकवते, जुन्या वर्तमानपत्रांतल्या चित्रांवर प्रबंध लिहिते. मितेशने बॅनरचा फोटो कुठेतरी टाकला होता, तो पाहून तिचा फोन आला. पोरगी नम्र. पानं बघायच्या आधी हात धुतले. माझ्या गोदामात कागदाला हात लावायच्या आधी हात धुणारं पहिलं माणूस.

तिने इतिहास सांगितला. एकशे तीस वर्षांपूर्वी न्यूयॉर्कला दोन पेपरवाले सेठ. एकाच्या रविवारच्या पुरवणीत एका गल्लीतल्या पोराची चित्रं यायची, लोक त्याच्यासाठी पेपर घ्यायचे. दुसऱ्या सेठने काय केलं, जास्त पगार देऊन तो चित्रकारच उचलला. मग पहिल्या सेठने दुसरा चित्रकार बसवून तेच पोर चालू ठेवलं. एकच पोरगं दोन पेपरांत!

मी म्हटलं, ताई, यात नवल काय? आमच्याकडे दिवाळीला हेच होतं. चांगला कारीगर शेजारचा सेठ उचल देऊन पळवतो, आणि पहिला सेठ दुसरा कारीगर लावून तीच डिझाइन काढतो. कोर्टात जातात, तोवर दोघांचा माल विकून झालेला असतो.

"अगदी तसंच," ती म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं. माझं वाक्य प्रबंधात जाणार बहुतेक.

मग पुढे म्हणे कंपन्या निघाल्या. एक चित्रकार एकदा चित्र काढणार, त्याचे जाड कागदाचे साचे बनवणार, ते साचे पोस्टाने शेकडो पेपरांना जाणार. पेपरवाला साच्यात शिसं ओतणार आणि आपल्या पेपरात छापणार. जगभर तेच चित्र. हेही मला नवीन नाही. कोरं कापड एकाच लूमवर निघतं, आणि ताग्याच्या टोकाला जो तो व्यापारी आपला शिक्का मारतो.

ती एकदम माझ्याकडे बघायला लागली. मग दामूशेटकडे. म्हणाली, "काका, धोतराखाली बूट का आहेत?"

मी नवश्रीमंताचं सांगितलं.

"आणि हे पांढरं?"

कापसाचं सांगितलं.

"आणि रेड्याचे कान?"

कलाकाराची मुभा.

"हं," ती म्हणाली. मग विचारलं, "पानांचे काठ कुठे गेले?"

हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं, म्हणून धंद्यातली खुबी सांगितली. छापील कागद आणि कोरा कागद पेपर मिलवाला वेगवेगळ्या भावाने घेतो. कोऱ्याला भाव जास्त. म्हणून गठ्ठा आला की आधी मशीनवर चारही बाजूंचा कोरा काठ कापून वेगळा करायचा. भिवंडीत कुठल्याही गोदामात पोराटोरांना हे शिकवावं लागत नाही. आत्याचा गठ्ठासुद्धा जमीरभाईने आल्या आल्या कापला. तेव्हा तर कोणी आत बघितलंही नव्हतं, इतका हात बसलाय.

मृणालीने डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच ठेवले. भारावली असणार.

२८ जानेवारी

मृणालीने फोनवर एक चित्र पाठवलं. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावच्या पेपरचं, तिथल्या लोकांनी जुने पेपर इंटरनेटवर चढवलेत.

चार चौकटी. जाडा माणूस, विजार, बूट, वाटोळी टोपी. चिमणीचं घर. छपरावर बर्फ. आणि दोरीला बांधलेलं खेचर, कान लांब, उभे, खांद्यापर्यंत.

दामूशेटचंच पान. रेघ न् रेघ तीच. माझ्या पानात विजारीवर धोतर चढलंय, टोपीवर पगडी चढलीय आणि खेचराच्या डोक्यावर दोन शिंगं लागलीत. बर्फ पुसायचं राहून गेलं. कान पण.

खाली तिने लिहिलंय: "काका, सॉरी."

जेवलो नाही. कमळने विचारलं काय झालं. सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुमचा रेडा गाढव निघाला?"

"खेचर."

"तेच ते," म्हणाली, आणि शेजारी सांगायला गेली.

२९ जानेवारी

मितेशचा सल्ला: गप्प बसा. खारबावात कोण अमेरिकेचे पेपर बघतोय? बॅनर लागलेत, निमंत्रणं गेलीत, आत्याचं काम होतंय.

सल्ला चांगला होता. मी आयुष्यात बरेच धंदे याच सल्ल्यावर केलेत. पण उद्या प्रितेशच्या हातातल्या फोनवर हेच चित्र आलं तर? हसू माझं होईल, ते चालेल, मला रद्दीवाला म्हणून चाळीस वर्षं हसतात. पण लोक मोरू म्हात्रेला चोर म्हणतील, आणि आत्या जिवंतपणी ते ऐकेल.

म्हणून खारबावला गेलो. आत्या ओट्यावर सुकट निवडत होती. मी फिरवून फिरवून सांगितलं. साहेबाची चित्रं, साहेबाची कंपनी, बापाने फक्त वर धोतर काढलं.

ती सुकट निवडतच म्हणाली, "मंग?"

"मंग काय मंग? चित्रं त्याची नाहीत, आत्या."

"मी कवा बोललं त्याची हान? साच्यातून कागदावर छाप काढी, वर पांढरा रंग मारी, शाईनं धोतर नेसवी, शिंगं लावी, मंग नवा ठसा. ह्या मी तुना पयल्याच दिशी सांगितला व्हता."

नसेल सांगितलं. तिचं वय झालंय, आणि माझे कान मला माहीत आहेत.

"आनि त्यो रेडा बोलतं त्या कोनी लिवला?" ती म्हणाली. "साहेबाचा खेचर बोलतं कं?"

घरी येऊन अमेरिकेचं चित्र पुन्हा काढून बघितलं. माणूस एकदोनदा ओरडतो. खेचराच्या तोंडाशी फुगाच नाही. एकाही चौकटीत नाही. मृणालीला फोन लावून विचारलं. तिने अजून पन्नास चित्रं धुंडाळली. खेचर कुठेच बोलत नाही.

१ फेब्रुवारी

माघी गणपती. मंडप भरलेला.

मी उभा राहिलो आणि म्हटलं, मागच्या सभेत मी जे बोललो ते चूक. चित्रं अमेरिकेची. बूट अमेरिकेचे. कापूस हा बर्फ आहे.

मागून कोणीतरी, "आनि केशा, तू कुटला?" मंडप पडायचा बाकी राहिला. मी हसणं संपू दिलं. लोकांना हसून घेऊ द्यावं, नंतर ऐकतात.

मग दोन्ही कागद धरले. म्हटलं, हे साहेबाचं खेचर, मुकं. हा आमचा रेडा. आता ऐका. आणि वाचलं.

दामूशेट म्हणतो, "चल रं बाजाराला." रेडा म्हणतो, "तू फुडं हो. मी ईचार करतंय." दामूशेट दोरी ओढतो. रेडा हलत नाही. दामूशेट मागे जाऊन ढकलतो. रेड्याची लाथ, दामूशेट आकाशात. रेडा म्हणतो, "शेट, बाजार हिकडं हाय. तू तिकडं कला चाललास?"

दुसरं वाचलं. दामूशेट रेडा विकायला काढतो. गिऱ्हाईक विचारतं, चालतो का? रेडा म्हणतो, "ज्याचा खातंय त्याच्याकडं चालत न्हाय, तुज्याकडं कसा चालंन?"

बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी म्हटलं, हे 'कशाला'चं 'कला', हे 'खातंय', ही मुंबईच्या छापखान्यातली भाषा आहे का? ही आपल्या ओट्यावरची आहे. असं तिरकं बोलणारी म्हातारी प्रत्येक घरात एकेक आहे, बघा शेजारी.

वाचताना माझी नजर मागच्या खांबाशी गेली. तिथे राहीआत्या बसली होती. तिला अक्षरओळख नाही. पण तिचे ओठ हलत होते. लूमवरची सवय, मी ओठ वाचले. रेड्याचं बोलणं ती म्हणत होती, माझ्या अर्धा शब्द पुढे. मी अजून उलटलंही नव्हतं त्या पानावरच्या चौकटीचंसुद्धा.

प्रितेश उठला. हसून हसून त्याचेही डोळे ओले होते, खोटं का बोला. पण म्हणाला, "काका, बोल झकास आहेत. पण ते मोरूबाबांचेच कशावरून? पानावर नाव दाखवा."

मी आत्याला सगळं पाठ असल्याचं सांगितलं.

"घरातली साक्ष झाली ती. मी बापाच्या नावानं सिमेंट दिलं, त्याची पावती आहे माझ्याकडे."

बरोबर बोलला. गावकीने होळीपर्यंत मुदत दिली. नाव दाखवा, बोर्ड लावा. नाही तर प्रितेशच्या वडिलांचा.

जाताना आत्या म्हणाली, "नाव लिवला व्हता. खाली, काठाला. बापूस बोट ठेवून दावी."

मी खाली वाकून चप्पल शोधायला लागलो.

३ फेब्रुवारी

जमीरभाईला विचारलं, तो काठ कुठे आहे?

"सेठ, वो तो दूसरे दिन ही मिल चला गया. आपने ही तो गाडी भरवाई."

मिलला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, भोईरसेठ, तुमचा काठ आता कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका झाला असेल.

आत्याने पैसे मागून घेतले होते, मी टाकून देऊ नये म्हणून. मी टाकून नाही दिलं. विकलं.

११ फेब्रुवारी

कमळ आज आपणहून बोलली, टोमणा न मारता. म्हणाली, "आत्याकडे जाऊन या." मी म्हटलं, काम आहे. काम नव्हतं.

६ मार्च

मृणालीचा फोन. "काका, बसलाय का?"

बसलो.

तिला मुंबईच्या एका ग्रंथालयात 'डंका'चं पान मिळालं. काठासकट. फोटो पाठवला. उजव्या काठाला इंग्रजीत अमेरिकन कंपनीचं नाव. आणि डाव्या काठाला, मुंगीएवढ्या अक्षरात: 'धोतरे, शिंगे व बोल : मो. ना. म्हात्रे, खारबाव'.

मी ते एवढं मोठं करून बघितलं की फोनवर फक्त 'शिंगे' उरलं.

मृणाली म्हणाली, बाकीचं तपासून सांगते. मी म्हटलं, सावकाश सांग. एखादं पान भटकत तिकडे गेलं असेल, संच तो माझ्याकडेच. ती काहीतरी बोलायला लागली, पण मी टेम्पोची चावी शोधत होतो.

तसाच खारबावला. आत्याला फोटो दाखवला. तिने फोन उलटा धरला, मी सरळ केला. तिने बोट ठेवलं ते बरोबर डाव्या काठाला, खाली. वाचता येत नाही, पण जागा माहीत.

"ह्या बघ," मला म्हणाली, जणू मीच हरवलो होतो.

१५ मार्च

काल धुळवड. परवा होळीसमोर प्रितेशने स्वतः फोटो फिरवला, सगळ्यांना दाखवला, आणि म्हणाला, माझ्या बापाचं नाव पाण्याच्या टाकीला द्या, टाकीलाही सिमेंट मीच देणार आहे. गावकी हो म्हणाली. ठेकेदार असा हरतो.

आज बोर्ड रंगला. 'मोरू नारायण म्हात्रे वाचनकक्ष'. पेंटरने शेजारी रेडा काढला, चांगला गुबगुबीत, कान आडवे, खऱ्या रेड्याला असतात तसे. राहीआत्या खुर्ची टाकून समोर बसली होती. म्हणाली, "कान लांब कर."

पेंटर म्हणाला, "आजी, रेड्याला असे कान नसतात."

"मना रेडा शिकवू नको. बापानं शिंगं लावली, कान तसंच ठेवलं. कर लांब."

केले. आता खारबावच्या वाचनकक्षावर खेचराच्या कानांचा रेडा आहे, आणि येणारा-जाणारा थांबून बघतो. आत्या संध्याकाळपर्यंत उठली नाही. जो कोणी थांबेल त्याला एक चौकट म्हणून दाखवत होती. 'शोधक' वगैरे काही लिहिलेलं नाही. मी पेंटरला हळूच सुचवलं होतं. तो म्हणाला, कानांनी जागा खाल्ली.

बॅनर तेवढा आहे अजून, माझ्या गोदामाच्या दारावर. 'पहिली' वर कागद चिकटवलाय. 'जगातील एकमेव संपूर्ण संच' ठेवलंय, तेवढं तर खरं आहे, असं मी मृणालीला म्हटलं. ती आली होती कार्यक्रमाला.

ती म्हणाली, "काका, मी त्या दिवशी फोनवर सांगत होते. ग्रंथालयात 'डंका'चे सगळे अंक आहेत. तुमच्याकडे निम्मेच आहेत."